चंद्रावरचा आळ

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या चंद्राकडे पाहू नये, पाहिलं तर चोरीचा आळ येतो, हे आपल्याकडच्या पोरांना बाराखडीच्या आधी समजतं. प्रत्यक्ष श्रीकृष्णाला स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ चुकला नाही, तिथे आपला काय पाड! त्या संध्याकाळी आरत्या आटोपून एका घरातून दुसऱ्या घरी निघालेली मंडळी माना खाली घालून चालतात, आणि नेमकी तेव्हाच ती कोर डोळ्याच्या कोपऱ्यात शिरते. मग स्यमंतकाची गोष्ट ऐकायची, की दोष गेला.

मला यात एक गंमत वाटते. चंद्र पाहिला तर आपल्यावर आळ येईल म्हणून आपण घाबरतो, आणि इकडे हजारो वर्षं जगभरच्या माणसांनी आळ घेतलाय तो चंद्रावर. तोही चतुर्थीच्या बिचाऱ्या कोरीवर नाही, पौर्णिमेच्या भरल्या चंद्रावर. खून, मारामाऱ्या, फिट्स, वेडाचे झटके, अवेळी सुरू होणाऱ्या कळा, पिसाळणारी कुत्री, वर्गात न ऐकणारी पोरं, सगळ्यांची फिर्याद त्याच्या नावावर. २००७ साली इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या पोलिसांनी पौर्णिमेच्या रात्री जादा शिपाई रस्त्यावर ठेवायचं जाहीर केलं होतं. आपल्या परंपरेने तर हे नातं थेट जन्माचंच मानलं. पुरुषसूक्तात चंद्र विराट पुरुषाच्या मनातून जन्मला आणि ज्योतिषात तो मनाचा कारक ठरला. आपण पत्रिकेतली रास सांगतो ती जन्मवेळी चंद्र ज्या राशीत होता ती. सूर्याला कोणी विचारत नाही.

माझ्या थोरल्या वहिनी जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात परिचारिका. त्यांनी नाईट ड्यूट्या काढल्या त्या बहुतेक कॅज्युअल्टीत. "भावजी, पौर्णिमेला एकदा आमच्याकडे येऊन बसा, म्हणजे कळेल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा डबा पोचवायच्या निमित्ताने खरंच जाऊन बसलो. फिनेलचा वास, भिंतीला लावून ठेवलेलं एक चाक वाकडं झालेलं स्ट्रेचर, आणि टेबलावर तांबड्या कापडी पाठीचं ते लांबट रजिस्टर. तारीख, वेळ, नाव, वय, कोणी आणलं, तक्रार काय, पुढे काय केलं, असे रकाने. पोलीस केस असेल तर बाजूला लाल शाईत एमएलसी. 'आज शांत दिसतंय' हे वाक्य तिथे उच्चारायला बंदी आहे. नव्या इंटर्नच्या तोंडून ते निसटलं तर सिस्टर त्याच्याकडे अशा बघतात की त्या क्षणी येणारी प्रत्येक अँब्युलन्स त्यानेच बोलावली असावी. त्या रात्री म्हणावी तशी गर्दी झाली नाही. वहिनींना माझ्यासमोर जरा ओशाळल्यासारखं झालं.

मग चहा घेता घेता त्यांनी त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र सांगितली. वऱ्हाडाचा टेम्पो उलटला होता. एकामागून एक जखमी येत होते, सलाईनचे स्टँड पुरेनात म्हणून बाटल्या खिडकीच्या गजाला बांधल्या. "आणि बाहेर लिंबाच्या मागं हा एवढा मोठा चंद्र! पौर्णिमा होती, मला चांगलं आठवतं." त्या लग्नाची तारीख त्यांना पाठ होती. मी मोबाइलवर त्या साली त्या दिवशी कोणती तिथी होती ते पाहिलं. वद्य पंचमी. वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, "मग असेल पंचमी, पण चंद्र होता हो."

आणि तो होताच! वद्य पंचमीचा चंद्र रात्री दहा-साडेदहाला उगवतो, पहाटे चारच्या सुमाराला माथ्यावर येतो, आणि दमलेल्या माणसाच्या नजरेला पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा काही कमी दिसत नाही. वहिनींनी पाहिलं ते खोटं नव्हतं. एवढंच की जागं राहणाऱ्या माणसाला महिन्यातल्या बहुतेक रात्रींत केव्हा ना केव्हा चंद्र भेटतोच. आभाळात तोच एक साक्षीदार इतक्या जवळ आणि इतक्या नियमाने हजर असतो, आणि पंचनाम्याच्या वेळी जो जागेवर सापडला तो आरोपी, हा न्याय आपल्याकडे नवा नाही. शिवाय पौर्णिमा म्हटली तरी आपण त्रयोदशीपासून द्वितीयेपर्यंतचा कोणताही गरगरीत चंद्र तिच्या खात्यात धरतो. तीस रात्रींतल्या पाच. सहातली एक वाईट रात्र त्या खात्यात पडणार हे आधीच ठरलेलं. पौर्णिमेची रात्र निवांत गेली, हे सांगायला मात्र कोणी कोणाला फोन करत नाही.

लॉरेन आणि जीन चॅपमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोडप्याने १९६७ साली याच सवयीवर बोट ठेवलं. त्या काळी रुग्णाला माणसाचं चित्र काढायला सांगून मनाचं निदान करायची पद्धत होती. संशयी माणूस चित्रात डोळे मोठे काढतो, असं मुरलेले तज्ज्ञही सांगत. चॅपमन दांपत्याने चित्रं आणि लक्षणं यांच्या जोड्या मुद्दाम वाटेल तशा लावल्या आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या. त्या गठ्ठ्यात डोळ्यांचा आणि संशयाचा काही संबंध शिल्लकच नव्हता. तरी विद्यार्थ्यांना तो दिसला, अगदी तज्ज्ञांना दिसायचा तसाच. संशय म्हटला की डोळे आठवतात, मग डोळे दिसले की संशय दिसतो. आपल्याला रात्र म्हटली की चंद्र आठवतो. याहून जास्त काय हवं?

तरी संशोधकांनी मोजून पाहिलं. जेम्स रॉटन आणि आय. डब्ल्यू. केली यांनी १९८५ साली तोवरचे ३७ अभ्यास एकत्र करून तपासले: खून, आत्महत्या, मनोरुग्णालयातल्या भरत्या, असं बरंच काही. हातात जवळजवळ काही लागलं नाही. एका जुन्या अभ्यासात पौर्णिमेला रस्त्यावरचे अपघात वाढलेले दिसत होते. नीट पाहिल्यावर कळलं की त्या काळातल्या पौर्णिमा शनिवार-रविवारी जास्त आल्या होत्या. दारू पिऊन गाडी हाकायला शनिवार पुरतो, चंद्राची गरज नसते.

सगळ्यात मजेशीर प्रकरण कुत्र्यांचं. डिसेंबर २००० च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ब्रॅडफर्डच्या रुग्णालयातली आकडेवारी छापून आली: प्राण्यांनी चावा घेतलेले १६२१ रुग्ण, आणि पौर्णिमेच्या सुमाराला चाव्यांत स्पष्ट वाढ. त्याच अंकात ऑस्ट्रेलियातला दुसरा अभ्यास होता. तिथल्या कुत्र्यांना पौर्णिमेशी काही देणंघेणं नव्हतं. आता चंद्र दोन्हीकडे एकच, कुत्र्यांची जातही साधारण तीच. संपादकांनी दोन्ही लेख नाताळच्या अंकात घातले यावरून त्यांचं मत काय होतं ते ओळखावं.

पण मोजमापाने पटत नाही अशा सुशिक्षित माणसाकडे एक हुकमी पान असतं. समुद्राला भरती येते, आपल्या शरीरात साठ-सत्तर टक्के पाणी, मग आपल्यालाही भरती यायचीच! मायामीतल्या आर्नल्ड लीबर या मनोविकारतज्ज्ञाने १९७८ साली यावर पुस्तक लिहिलं आणि शरीरातल्या 'जैविक भरती'ची कल्पना घरोघर पोचवली. ऐकायला झकास आहे. पण कोल्हापूरच्या रंकाळा तलावाला भरती येत नाही. पुरा रंकाळा पाण्याने भरलेला, तरी पौर्णिमेला काठावरच्या भेळवाल्याला गाडी मागे घ्यावी लागत नाही. कारण भरती पाण्यामुळे येत नाही, ओढीतल्या फरकामुळे येते. पृथ्वीच्या चंद्राकडच्या अंगाला ओढ थोडी जास्त, पलीकडच्या अंगाला थोडी कमी, आणि मधे पावणेतेरा हजार किलोमीटरचा व्यास. त्या फरकाने भक्कम जमीनसुद्धा फूटभर वरखाली होते, आपल्याला कळत नाही इतकंच. माणसाच्या टाळूपासून टाचेपर्यंत अंतर साडेपाच फूट. तेवढ्यात चंद्राच्या ओढीत पडणारा फरक वजनाच्या तीस-पस्तीस लाख कोटींतला एक भाग. जॉर्ज एबेल हे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ म्हणायचे की दंडावर बसलेल्या डासाचा जोर याहून जास्त असतो. डासाने आपलं वागणं बदलतं, हे मात्र मी मान्य करीन.

आणि कोकणातल्या माणसाला तर हा युक्तिवाद ऐकवायचीच सोय नाही. उधाण पौर्णिमेला येतं तसंच अमावस्येला येतं, आणि अष्टमीच्या सुमाराला भांग असतो. खाडीत होडी घालणाऱ्याच्या लेखी दोन्ही तिथी सारख्या. पावसाळ्यात मुंबईची पालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस जाहीर करते, ते दोन्ही तिथींच्या आसपास येतात. भरतीच माणसाला वेडं करत असेल तर काळ्याकुट्ट रात्रीही तितकंच वेड उसळायला हवं.

यावर आपल्याकडचे लोक गालातल्या गालात हसतील. आपला मूळ संशय अमावस्येवरच आहे! प्रवासाला निघू नये, नवं काही घेऊ नये, तिन्हीसांजेनंतर पोरांना बाहेर सोडू नये, दारावरचं लिंबू-मिरची बदलावं. तिकडे युरोपात चंद्र पूर्ण झाला की माणसाचा लांडगा होतो. इकडे चंद्र नाहीसा झाला की भुतं सुटतात. तमिळनाडूत जावं तर अमावस्या शुभ मानून नव्या कामाला हात घालणारी माणसं भेटतात. आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. लक्ष्मीपूजन अमावस्येलाच करतो आणि बैलांना पोळ्याच्या अमावस्येला पुरणपोळी घालतो. एकच चंद्र, एकच पृथ्वी, आणि फिर्याद गावोगाव वेगळी. औषध एकच असेल तर त्याचा गुण मुलूख बदलला म्हणून उलटा होत नाही. म्हणजे चंद्र शरीरावर काय करतो यापेक्षा आपण त्याच्याकडून काय करून घेतो, हे पाहावं लागतं.

आपण पौर्णिमेकडून भरपूर करून घेतो. चैत्रात हनुमान जयंती, वैशाखात बुद्ध पौर्णिमा, ज्येष्ठात वडाला फेऱ्या, आषाढात गुरू, श्रावणात कोळीवाड्यांतून दर्याला नारळ, आश्विनात कोजागरी, कार्तिकात देवळांच्या दीपमाळा, मार्गशीर्षात दत्त. आणि फाल्गुनात शिमगा! शिमग्याला तर वागणं बिघडवायचा परवानाच असतो. वर्षभर शर्टाची गुंडी न उघडणारे गृहस्थ होळीभोवती तोंडावर हात आपटून बोंब मारतात, एरवी ज्यांच्यासमोर मान वर करायची नाही त्यांच्या नावाने शंखध्वनी होतो, लाकडं चोरली तरी ती चोरी धरत नाहीत. एखादा परदेशी निरीक्षक त्या रात्री कोकणातल्या वाडीत उतरला आणि आभाळाकडे बघून वहीत काही लिहू लागला, तर त्याला कोणत्या तोंडाने दोष द्यायचा? पौर्णिमेला माणसं वेड्यासारखी वागताना त्याने स्वतः पाहिलेली असतात.

हे मी गमतीने म्हणत नाही. असा एक गंभीर अभ्यास आपल्याच देशात झालाय. पाटण्याचे डॉ. सी. पी. ठाकूर, पुढे ते केंद्रात आरोग्यमंत्री झाले, आणि त्यांचे सहकारी दिलीप शर्मा यांनी १९७८ ते १९८२ या काळातल्या तीन पोलीस ठाण्यांच्या नोंदी पाहिल्या. एक ठाणं शहरातलं, एक गावाकडचं, एक कारखान्यांच्या वस्तीतलं. पौर्णिमेच्या दिवशी गुन्हे इतर दिवसांहून बरेच जास्त निघाले. १९८४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने तो लेख छापला आणि लेखकांनी कारण सुचवलं ते 'मानवी भरतीच्या लाटां'चं. जगभर तो अभ्यास अजून सांगितला जातो. मला मात्र वाचताना सारखी बिहारची पौर्णिमा दिसत होती. होलिकादहन, राखी, कार्तिकातलं गंगास्नान, त्याच दिवशी भरू लागणारी सोनपूरची जत्रा. गर्दी, उधारी, खिसेकापू, दारू, जुन्या वैऱ्याची चुकून पडलेली गाठ. पाच वर्षांत पौर्णिमा येतात ६२ च्या आसपास. त्यातल्या किती दिवशी अख्खा मुलूख घराबाहेर होता, हे आधी विचारायला हवं, असं आपलं मला वाटतं. लाट असेलही, पण ती माणसांची माणसांवर आदळलेली.

गाणगापूरला पौर्णिमेला गेलेल्यांनी बाधा झालेली म्हणून आणलेली माणसं पाहिली असतील. कोणी घुमतंय, कोणी खांबाला कवटाळून ओरडतंय. त्या दिवशीच ती माणसं तिथे इतकी का असतात? कारण घरच्यांनी त्या दिवशी आणलेली असतात. आजार महिनाभर घरातच होता. यावर विनोद करवत नाही. थकलेल्या घराला कॅलेंडरातला एक दिवस असा लागतो, की ज्या दिवशी काहीतरी होईल अशी आशा धरता येते.

एवढं सगळं मांडून झाल्यावर चंद्राला निर्दोष सोडून घरी जायला हरकत नव्हती. पण मग मनात येतं, की इतकी माणसं, इतकी शतकं, इतक्या भाषांतून एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात, ते केवळ आठवणीच्या खोडीमुळे? काहीतरी घडत असणार. आणि ते काय, हे आपल्याला सुचत नाही, कारण आपण बटण दाबून रात्र घालवलेली माणसं आहोत.

चंद्राचा खरा उद्योग प्रकाशाचा. तसा तो मूळचा काळाच, पडणाऱ्या उजेडातला जेमतेम बारा टक्के परतवणारा, म्हणजे जुन्या डांबरी सडकेच्या जातीचा. पण त्याचा हिशोब सरळ नाही. अष्टमीचा चंद्र अर्धा म्हणून त्याचं चांदणं पौर्णिमेच्या निम्मं असेल असं वाटतं; ते असतं दहावा हिस्सा. अर्ध्या चंद्रावर डोंगर-विवरांच्या सावल्या पसरलेल्या असतात, पूर्ण चंद्रावर सूर्य समोरून पडतो आणि सावल्या लपतात. म्हणून पौर्णिमेजवळच्या दोन-तीन रात्रींत चांदणं हळूहळू वाढत नाही, उडी मारतं. भूल पडावी असाच तो उजेड आहे. त्यात वाट दिसते, माणूस ओळखू येतो, पण रंग दिसत नाहीत. तांबडी जास्वंद काळी होते, हिरवा माळ राखी होतो, पांढरं धोतर मात्र अर्ध्या मैलावरून चमकतं. डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी त्या मंद उजेडात गप्प बसतात. पाहिल्याची खात्री आणि न पाहिल्याची शंका अशी एकाच वेळी आणखी कुठल्या उजेडात वाटते? भुताच्या गोष्टींना तेवढं भांडवल पुरतं.

या उजेडावर माणसं आपली कामं बांधत. अठराव्या शतकात बर्मिंगहॅमला जेम्स वॅट, इरॅस्मस डार्विन, जोसेफ प्रीस्टली अशी बुद्धिमान मंडळी जेवायला आणि वाद घालायला जमत, ती पौर्णिमेच्या जवळच्या सोमवारी. मंडळाचं नावच ल्यूनर सोसायटी. कारण इतकंच, की रात्री घोड्यावरून घरी जाताना वाट दिसावी. आपल्याकडे खळ्यावरची मळणी, बैलगाडीचा लांबचा पल्ला, गावाबाहेरचा तमाशा, सगळं चांदण्या रात्री बघून. ज्याला दिसायचं नसे तो उलटा हिशोब करी. तानाजी मालुसरे कोंढाण्यावर गेले ती माघ वद्य नवमीची रात्र. मध्यरात्र होईतो चंद्र उगवत नाही. उलट १६६० साली शिवाजी महाराजांना पन्हाळ्याहून निघावं लागलं ते आषाढी पौर्णिमेला, पण त्या रात्री चंद्रावर पावसाळी ढगांचा पहारा होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही; पूर्वी चोराला पंचांग पोलिसांपेक्षा चांगलं कळत असणार.

आणि मग झोप. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या संशोधकांनी २०१३ साली आपल्या निद्रा-प्रयोगशाळेतल्या ३३ जणांच्या जुन्या नोंदी पौर्णिमेच्या अंगाने पुन्हा चाळल्या. कल्पना सुचली होती पौर्णिमेच्या संध्याकाळी, प्यायला बसले असताना. पौर्णिमेच्या सुमाराला गाढ झोपेच्या खुणा ३० टक्क्यांनी उतरलेल्या आणि झोप वीस मिनिटांनी कमी, तीही चंद्र दिसत नसलेल्या खोलीत. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी याहून कितीतरी मोठ्या नोंदी तपासल्या, त्यांना काही सापडलं नाही. मला जास्त विश्वासार्ह वाटतो तो अर्जेंटिनातला अभ्यास, २०२१ सालचा. फॉर्मोसा प्रांतातल्या तोबा-क्वोम आदिवासींच्या तीन वस्त्या: एकीत वीज नाही, एकीत जेमतेम, तिसरी शहराला लागून. लोकांच्या मनगटावर नोंद घेणारी यंत्रं बांधली. लोक सगळ्यात उशिरा झोपत आणि सगळ्यात कमी झोपत ते पौर्णिमेला नव्हे, तिच्या आधीच्या तीन ते पाच रात्री. हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. बरोबरच आहे! एकादशी-द्वादशीचा चंद्र सूर्य मावळायच्या आधीपासून वर असतो. दिवस संपतो पण उजेड संपत नाही. पौर्णिमा उलटली की संध्याकाळ पुन्हा काळोखी, चंद्र येतो तो लोक घोरायला लागल्यावर. पण माझा हा आनंद फार टिकला नाही. त्याच अभ्यासात सिएटलच्या विद्यार्थ्यांच्या झोपेतही तीच लय निघाली, आणि सिएटलच्या झगमगाटात चांदणं कोणाच्या खिडकीत शिरतं? तिथे उजेडाचं कारण पुरत नाही.

झोपेपासून वेडापर्यंतची वाट फार लांब नसते. आधीच मन दोलायमान असलेल्या माणसाची झोप तुटली की उन्माद उसळू शकतो, हे मनोविकारतज्ज्ञ रोज पाहतात. १९९९ साली चार्ल्स रेझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच धाग्यावरून मांडलं, की दिव्यांच्या आधीच्या काळात चांदण्याने लोकांची झोप मोडत असणार आणि आजारी माणसांवर त्याचा खरोखर परिणाम होत असणार. पुढे २०१८ मध्ये थॉमस वेअर यांनी मनाची चढउतार भराभर होणाऱ्या १७ रुग्णांच्या नोंदी छापल्या. त्यांच्या लाटा चंद्राच्या फेऱ्यांशी जुळत होत्या. सतरा माणसांवरून जगाचा निवाडा होत नाही. पण फाइल बंद करून कपाटात टाकण्याइतकंही ते किरकोळ नाही. म्हणजे घरोघरच्या आजीच्या सांगण्यात एक जुना, खरा अनुभव असू शकतो. तो ज्या उजेडात आला तो उजेड मात्र आता आपल्या गल्लीत पोचत नाही, आणि आपण त्याच्या जागी भरती, गुरुत्वाकर्षण, लहरी असे परके साक्षीदार उभे करतो.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर कोजागरी होते. दुधाला केशर, चारोळ्या, वेलदोडा, सगळं यथासांग. आटवायचं काम मात्र खालीच गॅसवर, कारण गच्चीवर वारा फार. चंद्राचं प्रतिबिंब दुधात पडायला हवं, ते पडतं शेजारच्या इमारतीच्या हॅलोजनचं. यंदा कोणीतरी म्हणालं, आपले तरी दिवे घालवू. सेक्रेटरींनी कॅमेऱ्यांची सबब पुढे केली, थोडी वादावादी झाली, आणि शेवटी पंधरा मिनिटांपुरती परवानगी मिळाली. मी बसलो होतो तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या सासूबाईंजवळ. सगळे त्यांना आक्का म्हणतात. बार्शीकडच्या. मी त्यांना विचारलं, "आक्का, पुनवेला माणसं बिघडतात म्हणतात, तुमच्या गावाकडं काय होतं?"

"बिघडतात कशाची," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं पुनवेच्या आधीचे चार-पाच दिस लई कामाचे. कंदील लावायचाच नाही, रॉकेल वाचायचं. अंगणात बसून शेंगा फोडायच्या, खळ्यावर वारं आलं की उफणायचं. कुणाला झोपायची घाई नसायची."

"आणि भांडणं?"

"भांडणं व्हायचीच की! समदी बाहीर असल्यावर व्हायचीच. अवसेच्या काळोखात कोण कुणाच्या बांधावर जातंय? चांदण्यात दिसायचं ना, कुणी किती दगड सरकवला ते." मग त्यांना एक नेमकी रात्र आठवली. त्यांचे चुलत दीर खळ्यावरून परतताना बांधावर थांबले होते, पलीकडून भावकीतला एकजण कुदळ घेऊन आला होता, आणि दोघांनी एकमेकांना स्वच्छ पाहिलं होतं. कोण आधी काय बोललं, कोणाच्या हातात काय होतं, त्या रात्री जोंधळा किती पोती निघाला होता, सगळं त्यांनी सांगितलं. तोवर पंधरा मिनिटं झाली आणि सेक्रेटरींनी दिवे लावले. त्या बांधाचा दावा तालुक्याच्या कोर्टात अजून चालू आहे, आक्का म्हणाल्या. दोघंही गेले, आता नातवंडं तारखांना जातात.